सावीची गोधडी डॉट कॉम

१

वेबसाइटला नाव ठेवायचे माझे तीन नियम होते, आणि गोखिवऱ्याच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात ते मी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवले होते. नाव छोटं हवं. फोनवर एकदा सांगितलं की ऐकणाऱ्याला लिहिता यायला हवं. आणि मध्ये आडव्या रेघा, आकडे असली भानगड नको. मी २००२ सालचं सांगते आहे. तेव्हा वसईत वेबसाइट म्हणजे काय ते कळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी माझ्याकडेच शिकून गेलेली. त्यामुळे मला थोडा माज होता, तो कबूल करते.

तर जयवंतीवहिनीच्या गोधड्यांची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा नाव मीच ठेवणार, यात कुणालाच शंका नव्हती. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, शत्रुघ्नदादाची बायको. दादा सातिवलीला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. वहिनी एव्हरशाईन सिटीतल्या तिसऱ्या मजल्यावर, जुन्या सुती साड्यांच्या बाळगोधड्या शिवायची. आधी शेजारपाजारच्या बायका न्यायच्या, मग ठाण्याच्या, मग त्यांच्या अमेरिकेतल्या बहिणी मागवायला लागल्या.

वहिनीला स्वतःला मूल नव्हतं. चौदा वर्षं डॉक्टर झाले, नवस झाले, आणि आदल्या वर्षी दोघांनी आपणहून ते सगळं थांबवलं. ती दुसऱ्यांच्या बाळांसाठी टाके घालत राहिली आणि एका शब्दाने कधी कुरकुरली नाही. मला याचाच राग यायचा. मी तिच्या जागी असते तर निदान दोन-चार ताटं तरी आपटली असती.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं बसलो होतो. चौथ्या थेरेसा आंटी, खालच्या मजल्यावरच्या. मूळच्या वसईच्या पश्चिमेकडच्या गावातल्या, मुलाने फ्लॅट घेतला म्हणून इकडे आलेल्या. त्यांनी नातवाचा पाळणा वर आणून दिला होता, कारण गोधडीचा फोटो पाळण्यात घालूनच काढायचा, असा माझा हट्ट होता.

"जयवंती गोधडी भांडार," दादा म्हणाला.

"दादा, रॉकेल मिळेल असं वाटतं त्या नावाने."

"बेबी काहीतरी ठेव गं," थेरेसा आंटी म्हणाल्या. "सगळे बेबीच ठेवतात."

म्हणूनच सगळ्या बेबी गेलेल्या होत्या. मी एकेक नाव टाकून बघत होते आणि प्रत्येक नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. शेवटी मी वैतागून व्याख्यान दिलं. म्हटलं, दुकानाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, पोराचं राहतं. गोधडी कुणाची, ते नावात आलं पाहिजे.

वहिनीने दाताने दोरा तोडला. "सावी," ती म्हणाली. "सावीची गोधडी. असं ठेव."

सावी कोण, हे कुणी विचारलं नाही. दादा खिडकीकडे बघायला लागला. चौदा वर्षं तिने ते नाव कुठेतरी जपून ठेवलं असणार, आणि आज गोधडीसाठी काढून दिलं. मी टाकून पाहिलं, तर ते मोकळं होतं.

२

फॉर्मवर मालकाचं नाव विचारलं होतं. शहाण्या माणसाने जयवंती पालव असं लिहिलं असतं. मी लिहिलं, सावी शत्रुघ्न पालव. खाली त्यांच्या फ्लॅटचा पत्ता, त्यांचाच फोन नंबर. वहिनीला बरं वाटावं, एवढंच मनात होतं. आणि फॉर्म काय, तो थोडाच जन्माचा दाखला मागायला येणार होता?

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग. म्हटलं, "नाव ठेवलं तर बारसं नको का करायला? पाळणा आहेच."

"मीरा, रिकामा पाळणा हलवू नये," दादा म्हणाला.

"रिकामा कुठाय? गोधडी आहे की आत."

मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, त्याला टोपडं बांधलं. पाळण्याच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला थेरेसा आंटी. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, करत दोघींनी तो वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवला. आंटी हसून हसून लाल झाल्या होत्या, म्हणाल्या, "आमच्याकडे फादर पाणी घालतात, तुमच्याकडे दगड घालतात काय?" मग मी पाळण्यात वाकले, उशीजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, "कुर्र्र, सावी." दोघींनी माझ्या पाठीत धपाटे घातले. वहिनी इतकी हसली की तिला पदर तोंडात धरावा लागला. तिला असं हसताना बघून मला तिथल्या तिथे रडू आलं, ते मी खोकल्यावर निभावून नेलं.

एकच गोष्ट होती. वाकले तेव्हा गोधडी माझ्या गालाला गरम लागली. नुकती इस्त्री केली असेल, म्हटलं. गोधडीला कुणी इस्त्री करत नाही, हे घरी जाताना रिक्षात आठवलं.

३

महिन्याभरात पत्रं यायला लागली. 'कु. सावी शत्रुघ्न पालव' असा पत्ता छापलेली, कुठल्या कुठल्या कंपन्यांची. स्वस्तात वेबसाइट करून घ्या, हे घ्या, ते घ्या. वहिनी जरा बावरली, तेव्हा मी तिला समजावून सांगितलं. नावाच्या मालकाचा पत्ता इंटरनेटवर कुणालाही दिसतो, या लोकांचा धंदाच तो आहे, पत्ते उचलायचे आणि पत्रं पाठवायची. ती ऐकून घेत होती. मग तिने हातातलं पत्र घडी घालून कपाटात, आपल्या चांगल्या साड्यांखाली ठेवलं.

"रद्दी आहे गं ती," मी म्हटलं.

"असू दे. तिच्या नावचं पहिलं पत्र आहे."

त्यात मला काही वावगं वाटलं नाही. माणूस देवाच्या मूर्तीलाही पांघरूण घालतो, मग गोधडी शिवणाऱ्या बाईने एका नावाचं थोडं कौतुक केलं तर कुठे बिघडलं?

एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे जेवायला बसले असताना फोन वाजला. वहिनीने उचलला. पलीकडची बाई बँकेतून बोलत होती, आवाज मलाही येत होता. सावी पालव आहेत का, असं तिने विचारलं.

"आत्ताच झोपलीय," वहिनी म्हणाली, हळू आवाजात, आणि फोन अलगद ठेवला.

मी हसले. वहिनी हसली नाही. तिने माझ्या ताटात भात वाढला आणि ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीच्या दाराकडे मान केली. मीही उरलेलं जेवण आवाज न करता जेवले. का, ते मला विचारू नका.

४

गोधड्या मात्र खपत होत्या. वेबसाइटवर येणारे मेल मी क्लासात बसून वाचायची आणि ऑर्डरी वहिनीला फोनवर सांगायची. पहिल्या पानावर फोटो एकच होता, पाळणा आणि त्यात घातलेली निळ्या काठाची गोधडी. फेब्रुवारीत काढून, प्रिंट स्कॅन करून लावलेला. तो मी नंतर बदलला नाही, कारण स्कॅनर बिघडला तो बिघडलाच.

मे महिन्यात न्यू जर्सीच्या एका बाईने दोन गोधड्या मागवल्या आणि खाली लिहिलं, 'सावी फारच गोड आहे. तीन महिन्यांची का?' मी फोटो उघडून बघितला. गोधडी होती. तिच्या घडीची सावली पडली होती, ती लांबून बाळासारखी दिसत असेल, म्हटलं. लोकांना ढगात गणपती दिसतो.

ऑगस्टमध्ये पुण्याच्या एकीने लिहिलं, 'आता बसायला लागली वाटतं, छान बाळसं धरलंय.' ही पुण्याची बाई न्यू जर्सीच्या बाईला ओळखत नव्हती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं मी स्वतःला सांगितलं. ऑक्टोबरात नाशिकच्या आजीबाईंनी नातवाकडून मेल लिहून घेतला होता. 'हसताना खालचे दोन दात दिसतात. दृष्ट काढत जा.'

मी क्लासातल्या सहा मशीनवर तो फोटो उघडला. सहाही पडद्यांवर पाळणा, निळा काठ, घडी. पोरंपोरी गेल्यावर मी एकेका पडद्याला नाक लावून बघत बसले. शेवटी फोटो काढूनच टाकला आणि त्या जागी नुसतं नाव ठेवलं.

पुढच्या आठवड्यात बेळगावहून मेल आला. 'फोटो फार आवडला. धरून उभी राहते का हो?'

५

नोव्हेंबरात थेरेसा आंटींनी मला जिन्यात थांबवलं. त्या मार्केटमधून आल्या होत्या, हातात केळफूल होतं.

"तुमच्याकडे कोणाचं बाळ आलंय गं?"

"कुठे?"

"वर. दुपारी रांगतं. माझ्या बेडरूमच्या डोक्यावर. हात पडतात ते कळतं, थप थप थप, मग थांबतं, मग थप थप."

"शिवणाचं मशीन असेल, आंटी."

"तीन पोरं वाढवली मी मीरा, मला मशीन आणि बाळ कळत नाही?" त्या जरा रागावल्याच. मग माझा चेहरा बघून त्यांनी माझा दंड धरला. "वाईट नाही गं वाटत. परवा रडत होतं तर मीच खालून अंगाई म्हटली. गप्प झालं."

मी वर गेले. दुपारचे तीन वाजले होते. वहिनीने दार उघडलं, मशीनवर कापड चढवलेलं होतं आणि सुईत दोराही ओवलेला होता, म्हणजे ती शिवत होतीच. माझं म्हणणं खरं ठरलं. जमिनीवर मात्र तिने कडेपासून कडेपर्यंत गोधड्या अंथरल्या होत्या, आणि टेबलाच्या चारही कोपऱ्यांना चिंध्या गुंडाळून बांधल्या होत्या.

"हे काय?"

"लागतं गं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

६

खरं सांगायचं तर आवाजांची मला तितकी धास्ती नव्हती. धास्ती वहिनीची होती. दिवाळीपासून ती घराबाहेर पडली नव्हती. दोरे दादा आणायचा, भाजी दादा आणायचा. आमच्या मावसभावाच्या लग्नाला अख्खं खानदान गेलं, ही आली नाही. "तिला एकटीला टाकून कशी येऊ?" असं तिने मला सरळ तोंडावर विचारलं. हीच वहिनी, जी माझं लग्न मोडलं तेव्हा मला ओढत ओढत सिनेमाला घेऊन जायची, रस्त्यात भेळ खाऊ घालायची, म्हणायची घरात बसलीस तर बुरशी लागेल. तिचा चेहरा खुलला होता, हे मी नाकारत नाही. आनंदाने ओसंडत होती. पण ती त्या दोन खोल्यांत एकेक पाऊल आत सरकत होती आणि एक दिवस हाक मारली तर येणार नाही, अशी मला भीती बसली.

आणि हे सगळं मी करून ठेवलेलं. नाव मी दिलं, पत्ता मी दिला.

वर्षासाठी घेतलेल्या नावाची मुदत फेब्रुवारीच्या सोळा तारखेला संपत होती. मुदत वाढवायची की सोडायची, ते माझ्या हातात होतं, पासवर्ड माझ्याकडेच. सोडून द्यायचं, असं मी ठरवलं. जे नावाने आलं ते नावासोबत जाईल, असा हिशेब. दादाला आधी सांगावं म्हणून त्याला क्लासात बोलावलं.

दादा कारखान्यातून तसाच आला. पिशवी टेबलावर ठेवली, तिच्यातून ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे डोकावत होते. आमच्या दादाला बिस्किटं आवडत नाहीत, वहिनीला तर वासही नको.

"कोण खातं?" मी विचारलं.

"सकाळी ताटली रिकामी असते. मी विचारत नाही."

"तुला दिसतं काही?"

"मी आलो की दार उघडायच्या आधी आतून कुणीतरी दाराशी येऊन बसतं," तो म्हणाला. "मीरा, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. माझी वाट बघत कुणी दाराशी येऊन बसलं नव्हतं." मग डोळे पुसून म्हणाला, "पण जयवंती बाहेर पडत नाही, हे बरं नाही, मला कळतं. तुला पटेल ते कर. मला सांगायला लावू नकोस."

७

सोळा तारखेला दुपारी मी त्यांच्याकडे गेले. क्लासात बसूनही काम झालं असतं. म्हणजे खरं तर काही करायचंच नव्हतं, नुसता दिवस जाऊ द्यायचा होता. पण वहिनीच्या पाठीमागे करायला मन धजेना.

ती मटार सोलत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. नाव आज संपतंय, मी पुढे चालू ठेवणार नाही, तू माझ्यासोबत बाहेर पडायला हवंस, मला तू हवी आहेस. हेच शब्द.

ती चिडली नाही. शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. "आपण सोडलं की मग त्या नावाचं काय होतं?"

"मोकळं होतं. कुणीही घ्यावं."

"आणि घेतलं कुणी, तर ती त्यांच्याकडे जाणार?"

वर्षभर कॉम्प्युटरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारी मी, मटाराच्या टरफलांकडे बघत बसले.

"कसली माणसं असतील, कोण जाणे," वहिनी म्हणाली. "नाव तू ठेवलंस, मीरा. काढून घ्यायचं तर तूच तिला सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं." ती वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला.

आतल्या खोलीत मशीनच्या बाजूला कॉम्प्युटर होता. मी लावला, फोनची तार जोडली, मोडेमचं किंचाळणं संपेपर्यंत थांबले. पान उघडलं. मालकाचं नाव, पत्ता, शेवटची तारीख. मी काही न करता बसून राहिले, सांगायचं म्हणजे कुणाला आणि कसं, याचा विचार करत. माझी अक्कल मला अजूनही सांगत होती की खोलीत कुणी नाही, मोठमोठ्याने बोललीस तर वेडी दिसशील. बसून बसून कॉम्प्युटरचा पडदा आपोआप काळा झाला.

काळ्या काचेत मागची खोली दिसत होती. मशीन, खिडकीचा उजेड, दार, दाराचा पडदा. पडदा एका बाजूला ताणलेला होता. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर तो एका मुठीत धरलेला होता. मूठ लहान होती. पडद्याच्या कड्या वर हलल्या, मूठ सुटली, गोधडीवर मऊ काहीतरी बसल्याचा आवाज आला. मग मूठ पुन्हा वर आली, कापड चाचपलं, धरलं, आणि तिच्यामागे हळूहळू काहीतरी उभं राहिलं. चेहरा सावलीत होता. तो माझ्याकडे नव्हता, काचेकडे होता, जिथे क्षणापूर्वी तिचं नाव लिहिलेलं दिसत होतं.

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. पण त्या सगळ्या भीतीत माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, की त्या जुनाट कड्या निसटल्या तर ती तोंडावर पडेल.

मी माउस हलवला. पान परत आलं. मुदत किती वर्षांनी वाढवायची, असं विचारलं होतं, एकपासून दहापर्यंत आकडे होते. मी दहा निवडलं. बटण दाबलं. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग झालं.

वहिनीचा नळ स्वयंपाकघरात चालूच होता. माझ्या पाठीमागे, खालून, बोबडं आणि अडखळत, कुणीतरी म्हणालं, "आत्या."

पाठीमागून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आमच्या आईने शिकवलेलं. मी दुसरीची वाट पाहिली नाही. वळलेही नाही. नुसतं "ओ" म्हणाले, आणि हात मागे पसरून तसाच धरून बसले.